खालून बघा: गोव्यात पहिली जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेताना

पहिली गाडी मी वरून बघून घेतली. पांढरी मित्सुबिशी सिडिया, रंगाला झळाळी, सीटला नवी कव्हरं, आणि मालकाचं म्हणणं असं की कळंगुटच्या बंगल्यात उभीच असायची, फारशी फिरली नाही. आठवडाभराने फोंड्यात आमच्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, ती लिफ्टवर चढवली. मागच्या जॅक-पॉइंटवर, म्हणजे जॅक लावायच्या जागी, त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. लोखंडाचा ठणठणीत आवाज यायचा तिथे नुसतं 'थप्' झालं. दुसऱ्या ठोक्याला तपकिरी पापुद्रे थेट त्याच्या तोंडावर पडले. डोळे पुसत तो म्हणाला, "बाब, ही गाडी न्हय, मिठागर."

पैसे देऊन झाले होते. पत्र्याचं काम करून घेऊन तीन वर्षं कशीबशी चालवली आणि भंगारात दिली. न्यायला टेम्पो आला त्या दिवशीसुद्धा इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. तेव्हापासून कोणी विचारलं, "पहिलीच घेतोय, काय बघू?" तर मी आधी दोन गोष्टी बघायला सांगतो: गाडीचं पोट आणि गाडीचे कागद. बाकीचं सगळं खर्च करून दुरुस्त होतं.

कुठली गाडी, हे आधी ठरवा

आपल्याकडे "जपानी स्पोर्ट्स कार" या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या जातीच्या गाड्या येतात.

पहिली जात खिशाला झेपणारी. दिसायला साध्या सेडान, पण स्वभावाने खोडकर. भारतातली पहिल्या पिढीची होंडा सिटी १९९८ मध्ये आली. तिची १.५ लिटरच्या व्हीटेक इंजिनाची, १०६ बीएचपी ताकदीची गाडी २००३ मध्ये नव्या आकाराची सिटी येईपर्यंत विकली गेली आणि आजही तिच्यासाठी माणसं वेडी आहेत. २००६ ची सिडिया दोन लिटरची, ११५ बीएचपीची. रॅलीवाल्यांची ही वर्षानुवर्षं लाडकी गाडी होती, त्यामुळे तिचं काम जाणणारे मेकॅनिक अजून सापडतात. त्याच वर्षी आलेली होंडा सिव्हिक १.८ जरा सभ्य, पण घाटात तिची पकड बघण्यासारखी. तिचं पोट रस्त्याच्या फार जवळ आहे, एवढं मात्र आपल्या गतिरोधकांच्या राज्यात विसरू नका.

दुसरी जात कंपनीने अधिकृतपणे भारतात विकलेल्या खऱ्या स्पोर्ट्स कारची: निसान ३७० झेड, मित्सुबिशी लान्सर इव्हो टेन, आणि २०१६ च्या अखेरीस जवळपास दोन कोटींना आलेली निसानचीच जीटी-आर. यांची किंमत उतरली तरी सुट्या भागांची उतरत नाही. ३७० झेडचा क्लच दाबणारा हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत बसवलेला असतो. तो गळाला की एका छोट्या भागासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इव्होच्या चारचाकी ताकदीचं वाटप करणारा पंप मागच्या चाकाजवळ, चिखल आणि खारं पाणी उडतं तिथेच बसवलेला, आणि तो गंजतो. गोव्यात इव्हो बघताना मी बॉनेटच्या आधी तो पंप बघेन.

तिसरी जात स्वप्नातली: निसान स्कायलाइन, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७, निसान सिल्व्हिया. या गाड्या त्यांच्या कंपन्यांनी भारतात विकल्याच नाहीत. पहिल्यांदा घेणाऱ्याने यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण इंजिनात नसून कस्टम्सच्या नियमांत आहे.

जुनी गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या बाजूला स्टिअरिंग हवं, आणि शुल्क मूळ किमतीच्या शंभर टक्क्यांहून वर जातं. आता हिशेब करा. आर३४ स्कायलाइन १९९८ ते २००२ या काळात बनली. म्हणजे या नियमाने ती फार तर २००५ पर्यंत येऊ शकत होती. कोणी तुम्हाला २०१२ मध्ये आयात केलेली आर३४ दाखवत असेल, तर एक तर ती सुट्या भागांच्या नावाखाली आलेली असते, नाहीतर दुसऱ्याच एखाद्या गाडीच्या कागदांवर धावत असते. कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या हमीवर, तात्पुरती आणून परत न गेलेल्याही असतात. बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी कस्टम्समधून रीतसर आल्याचा कागद, मागा. ते नसेल, किंवा "एजंटकडे आहे, नंतर देतो" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठा. अशी गाडी कस्टम्सवाले तुमच्या अंगणातून जप्त करू शकतात, आणि "मी तर पैसे मोजून घेतली" हे सांगून ती सुटत नाही.

चॅसिस क्रमांक वाचायलाही शिका. भारतात बनलेल्या गाडीचा १७ अक्षरांचा क्रमांक 'एम'ने सुरू होतो. होंडाचा 'एमएके', मारुतीचा 'एमए३'. जपानहून तयार येऊन इथे विकली गेलेली गाडी 'जे'ने सुरू होते. आणि फक्त जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला १७ अक्षरी क्रमांक नसतोच. तिच्यावर 'बीएनआर३४' असा छोटा कोड आणि पुढे काही आकडे असतात. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, एक आणि पत्र्यावर दुसऱ्याच पद्धतीचा क्रमांक दिसला तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

गोव्यातली की घाटावरची

जीए, म्हणजे गोव्याच्या, नंबरची गाडी घेतली की सोपं पडतं. ट्रान्सफर इथल्या इथे, मालकाला भेटायला म्हापसा किंवा मडगाव. पण ती गाडी किती पावसाळे समुद्राशेजारी उघड्यावर उभी होती, हा प्रश्न उरतोच. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातली, झावळ्यांखाली उभी राहिलेली गाडी आणि आतल्या सत्तरी तालुक्यात शेडमध्ये ठेवलेली गाडी यांच्या पोटात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मालक कुठे राहतो यापेक्षा गाडी रात्री कुठे उभी असते हे विचारा.

घाटावरची गाडी, म्हणजे बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडची, पत्र्याने कोरडी असते. आज माझ्याकडे आहे ती सिटी बेळगावच्या एका दंतवैद्याची. मिठाईच्या खोक्यात अकरा वर्षांची बिलं रचून ठेवलेली, प्रत्येकावर किलोमीटर लिहिलेले. मीटर मागे फिरवलेला नाही याचा त्याहून चांगला पुरावा मला आजवर कोणी दाखवलेला नाही. पण कर्नाटक किंवा महाराष्ट्राची गाडी बारा महिन्यांहून जास्त गोव्यात ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्सही भरावा लागतो. आधीच्या राज्याच्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो मिळेपर्यंत धीर लागतो. सौदा करतानाच हा खर्च किमतीत धरा.

दिल्लीकडच्या गाड्या फार स्वस्त दिसतात, कारण तिथे जुन्या पेट्रोल गाड्यांवर १५ वर्षांची टांगती तलवार राहिली आहे. पत्रा कोरडा असतो, हे खरं. पण दोन हजार किलोमीटरवरची गाडी फोटोवरून घ्यायची हिंमत माझ्यात नाही.

कागद

गाडी बघायला जायच्या आधीच आरसीचा फोटो मागवा आणि सरकारच्या 'परिवहन' साइटवर किंवा अ‍ॅपवर नंबर टाकून बघा. मालक कितवा, नोंदणी कधीपर्यंत वैध, विमा, आणि कर्जाचा बोजा. बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. "कर्ज कधीच फिटलंय" या वाक्याला आरटीओत काही किंमत नाही.

खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ पासून त्याची फी साध्या कारला ५,००० आणि आयात केलेल्या कारला ४०,००० रुपये झाली. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० आणि ८०,००० करण्यात आली. व्हीटेक सिटी आता या २० वर्षांच्या रेषेपलीकडे गेली आहे, तेव्हा नूतनीकरण झालेलं नसेल तर ते विकणाऱ्यालाच करायला लावा. गाडी आरटीओत पास होते की नाही, हेही तेव्हाच कळतं.

सौद्याच्या दिवशी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८, म्हणजे आधीच्या आरटीओची एनओसी (ना हरकत). कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "सावकाश करू" म्हणणारे बरेच भेटतात. सावकाश करू नका. मधल्या काळात अपघात झाला तर सगळा गुंता दोघांच्याही गळ्यात पडतो.

आरसीवरचा इंजिन क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवर जाऊन वाचा, टॉर्च आणि ओला फडका घेऊन. जुन्या सिटी-लान्सरमध्ये परदेशातून भंगार म्हणून आलेल्या हाफ-कटचं, म्हणजे मधोमध कापलेल्या गाडीच्या पुढच्या अर्ध्याचं, इंजिन बसवलेलं असण्याची शक्यता खूप. इंजिन झकास असेलही, पण आरसीवर त्याची नोंद नसेल तर ती गाडी कायद्याने तुमच्या नावावर असूनही तुमची नाही. परवानगीशिवाय केलेल्या बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, क्वचित दोन्हीही.

आता पोट

लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये गाडी नेऊ देत नसेल, त्या मालकाशी वाद घालू नका. दुसरी गाडी बघा.

लिफ्टवर चढवल्यावर आधी वास घ्या आणि रंग बघा. ताजं काळं डांबरासारखं कोटिंग सगळीकडे मारलेलं असेल तर मनात पहिला प्रश्न: आत्ताच का? कोटिंग हाताने दाबा. खाली टणक पत्रा असेल तर ते दाबलं जात नाही. गंजावर मारलेलं असेल तर फुग्यासारखं हलतं. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन चारही जॅक-पॉइंट, सायलेन्सरच्या वरचा पत्रा आणि मागच्या सस्पेन्शनच्या बैठका ठोकत जा. पात्याने टोचू नका, मालक रागावेल आणि ते बरोबरही आहे. कान पुरतो.

मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड बोटाने चाचपा. पापुद्रे लागले तर वरचा रंग किती चकचकीत आहे याला अर्थ नाही. डिकीतलं स्टेपनी बाहेर काढा आणि खळग्याच्या तळाशी बघा. तिथे पाण्याच्या पातळीची रेघ दिसली तर दिव्यांच्या रबरातून पाणी येतंय, किंवा मागून ठोकून सरळ केलेली गाडी आहे. दरवाजांची खालची भोकं बुजलेली नाहीत ना, तेही.

आणि वाळू. मोरजी, आश्वे, कळंगुटच्या किनाऱ्यावर गाड्या उतरवायला मनाई आहे, तरी वाळूत रुतलेल्या गाडीचा फोटो दर हंगामात पेपरात येतो. तसला शौक झालेला असेल तर वाळू सीटच्या रुळात, गालिच्याखाली, सीटबेल्टच्या खालच्या बोल्टभोवती सापडते. कितीही धुतली तरी तिथली जात नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी फुललेली दिसली की समजा, समुद्र चाटून गेलाय.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. माझ्या सिडियावर मी तो अर्धा तास घालवला असता तर किती पैसे वाचले असते, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

इंजिन थंड असताना

मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम असेल तर थंडीतली तक्रार लपवायची असण्याची शक्यता आहे, तासभर थांबा.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, गरम असताना कधीच नाही. आत हिरवं किंवा लाल कूलंट हवं. नुसतं विहिरीचं पाणी आणि गंजाचा गढूळपणा दिसला तर ते इंजिन उपेक्षित आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखी साय म्हणजे पाणी तेलात मिसळतंय. इथे एक गोव्याची मेख: जुलैत रोज दोन किलोमीटरच बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीच्या झाकणाला दमटपणामुळेही पातळसर साय धरते. म्हणून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, बघा. तिथलं तेल स्वच्छ असेल तर घाबरू नका.

सुरू करताना कोणाला तरी मागे उभं करा. निळा धूर तेलाचा. पांढरा धूर गोडसर वासाचा आणि थांबतच नसेल तर कूलंटचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते बहुतेक दुरुस्त होतं. मेस्ताकडून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहाएक टक्क्यांच्या आत असले की झालं, किती आहेत त्यापेक्षा सारखे आहेत का ते महत्त्वाचं.

जुन्या सिटी आणि सिडियात टायमिंग बेल्ट असतो, चेन नाही. तो रबराचा, आणि वापर कमी असला तरी वयाने जातो. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चाला. सिटीत तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. सिव्हिक, ३७० झेड आणि इव्हो टेनला चेन आहे.

जुन्या गाड्यांसाठी आणखी एक नवी डोकेदुखी: पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. वीस वर्षांपूर्वीच्या रबरी पेट्रोल-नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. बॉनेट उघडल्याबरोबर पेट्रोलचा वास आला तर नळ्या कडक होऊन पाझरतायत.

चालवून बघा, पण कुठे?

मिरामारच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान चालतात. फोंड्याहून फर्मागुढीचा चढ घ्या, आणि वेळ असेल तर केरीहून चोर्ला घाट. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही तर क्लच संपलाय. गाडी पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात आणा. दात घासल्याचा आवाज आला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. घाटमाथ्यावर थांबून एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघा. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का? गतिरोधकावरून एक चाक आधी, मग दुसरं, असं तिरकं काढा. सस्पेन्शनचे बुश आणि बॉल-जॉइंट झिजले असतील तर लगेच बोलतात.

टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली तरी सहा-सात वर्षांचं रबर पावसात साबणासारखं सरकतं.

जुलै हा बघायचा आणि घ्यायचा महिना, असं माझं मत. पावसात बुटकी गाडी कोणाला नको असते, त्यामुळे भाव खाली येतो. शिवाय छत गळतंय, काचा धुरकटतायत, गालिचा ओला आहे, हे सगळं विकणाऱ्याला लपवता येत नाही. वेगाची परीक्षा मात्र कोरड्या दिवशी पुन्हा करा.

फेरबदल केलेली

मोठा सायलेन्सर, खाली बसवलेली स्प्रिंग, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग), टर्बोची हवा सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा फुस्स आवाज. पहिल्यांदा घेणाऱ्याला हेच आवडतं, मलाही आवडायचं. पण आधीच्या मालकाने काय बसवलं यापेक्षा ते कोणी बसवलं हे कळायला हवं, आणि काढलेले मूळ भाग घरात पडलेले आहेत का हेही. मूळ भाग परत देणारा माणूस सहसा गाडी सांभाळणारा असतो. टर्बो असेल आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवलेला असेल तर कुठलं पेट्रोल घालता ते विचारा. जपानचं हाय-ऑक्टेन पेट्रोल किमान ९६ ऑक्टेनचं असतं, आणि त्या हिशेबाने जुळवलेल्या इंजिनात इथलं साधं पेट्रोल घालून ताणलं तर पिस्टन फुटतो. माझा सल्ला: पहिली गाडी जशी कंपनीतून आली तशी घ्या, जरी ती थोडी कंटाळवाणी वाटली तरी.

पैसे

जेवढं बजेट आहे, त्याच्या तीन चतुर्थांशात गाडी घ्या. उरलेला चौथा हिस्सा पहिल्या सहा महिन्यांत जातोच, मी अजून अपवाद बघितलेला नाही. रक्कम बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोखीच्या सौद्यात तुमच्या हाती काहीच उरत नाही.

विम्यात एक गोष्ट नेहमी चुकते. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा तुमच्या नावावर आपोआप येत नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्या. नो-क्लेम बोनस आधीच्या मालकाचा, तो त्याच्याकडेच राहतो. पॉलिसी घेताना मागच्या क्लेमचा इतिहास विचारायला लाजू नका. पुरात बुडालेली गाडी तिथे सापडते.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळी तेलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, पेट्रोलच्या नळ्या, आणि बिल नसेल तर टायमिंग बेल्टसोबत वॉटर पंप. भाग गोव्यात सापडले नाहीत तर जुने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. इंजिनाचं मशीनिंग करायची वेळ आली तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात बसलेली माणसं आहेत.

पावसाळा संपला की, म्हणजे गणेशचवथीच्या धामधुमीनंतर, गाडी लिफ्टवर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवायची आणि दोन दिवस कोरडी होऊ द्यायची, मगच कोटिंग. ओल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग गंज आत कोंडून ठेवतं. पावसात महिनाभर उभी ठेवायची असेल तर बॅटरी सोडवा, हँडब्रेक ओढू नका, चाकाला दगड लावा, आणि बॉनेटखाली डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी ठेवा. उंदरांना जपानी वायरिंगची चव फार आवडते, आणि ते पहिला घास नेमका इंजेक्टरच्या वायरीचा घेतात.